कॅल्सीन म्हणतं पेशी मेल्या, मायक्रोस्कोप म्हणतो जिवंत: कीटकनाशकांच्या चाचणीतली नेहमीची अडचण

लक्षण असं. हेपजी-टू (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी यकृताच्या) पेशींवर २४ तास प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक ठेवलं, शेवटी जिवंत पेशी हिरव्या दाखवणारा कॅल्सीन-एएम रंग घातला, आणि प्लेट रीडरवर हिरवं रीडिंग कंट्रोलच्या, म्हणजे औषध न घातलेल्या पेशींच्या, निम्म्याहून खाली आलं. तीच प्लेट मायक्रोस्कोपखाली पाहिली तर पेशी तळाला घट्ट बसलेल्या, कडा स्वच्छ, वर तरंगणारा कचरा जवळजवळ नाही. रेझाझुरिन या दुसऱ्या रंगाने तोच प्रयोग केला तर आकडा कंट्रोलच्या आसपास. पुन्हा कॅल्सीन लावलं की पुन्हा पडलेलं. तोवर रंगाचा लॉट बदलून झालेला असतो, रीडरच्या इंजिनिअरला फोन गेलेला असतो, आणि गाइड सरांनी ‘एन वाढवा’, म्हणजे प्रयोग आणखी वेळा करा, म्हणून सांगितलेलं असतं. एन वाढवून हे सुटत नाही. रीडिंग बरोबरच आहे, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातोय.

जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा या पट्ट्यात प्रयोगाला जी रसायनं घेतली जातात ती बहुतेक कपाशीवरची आणि केळीवरची. कपाशीवरची ऑर्गॅनोफॉस्फेट आणि केळीच्या करप्यावर मारायची तांब्याची बुरशीनाशकं, दोन्ही गट कॅल्सीनला थेट बाधतात, आणि तेही दोन वेगळ्या वाटांनी. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या लॅबमधून कर्करोगाच्या औषधांसाठी लिहिलेला प्रोटोकॉल जसाच्या तसा इथल्या औषधांवर लावला की गाडी इथेच अडते.

हिरवा उजेड नेमका कशावर अवलंबून असतो

कॅल्सीन-एएम स्वतः चमकत नाही. ते तेलकट असल्याने पेशीच्या पडद्यातून आत जातं, आतली एस्टरेज एन्झाइम्स त्याच्या एस्टर साखळ्या कापतात, आणि उरतं ते कॅल्सीन: विद्युतभारित, पडदा ओलांडू न शकणारं, ४९४ नॅनोमीटरला उत्तेजित होऊन ५१७ नॅनोमीटरला हिरवं चमकणारं. म्हणजे हिरवं रीडिंग येण्यासाठी तीन गोष्टी जागेवर लागतात. एस्टरेज चालू हवं, पडदा शाबूत हवा, आणि तयार झालेल्या कॅल्सीनचा उजेड बाहेर येताना कुणी गिळता कामा नये. यातली एकही बिघडली की रीडिंग पडतं, आणि आपण तिन्ही वेळा एकच शब्द लिहितो: ‘व्हायेबिलिटी’, म्हणजे किती पेशी जिवंत.

ऑर्गॅनोफॉस्फेटचं काम काय? किडीच्या मज्जासंस्थेतल्या अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेजच्या सक्रिय जागेवर सेरीन हे अमिनो आम्ल असतं, त्याला फॉस्फेट चिकटवून एन्झाइम बंद पाडायचं. यकृताच्या पेशीतलं कार्बोक्सिलएस्टरेज त्याच धाटणीचं, सेरीनवर चालणारं एन्झाइम. हेपजी-टू यकृताचीच. म्हणजे ज्या एन्झाइमच्या भरवशावर आपण पेशी जिवंत की मेलेली ते ठरवतो, नेमकं तेच आपण विषाने बांधून ठेवलेलं असतं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस ही मंडळी सरळ काम करतात. क्लोरपायरिफॉसला आधी ऑक्सॉन, म्हणजे त्याचं खरं काम करणारं रूप, व्हावं लागतं, ते सायटोक्रोम पी-४५० कडून होतं, आणि हेपजी-टूमध्ये ते एन्झाइम तोकडं असतं. म्हणून क्लोरपायरिफॉसवर ही अडचण कधी दिसते, कधी नाही. जुन्या, उन्हात राहिलेल्या नमुन्यात ऑक्सॉन आधीच तयार झालेलं असू शकतं, हेही धरून चाला. कार्बामेट गटातही, म्हणजे मिथोमिल, थायोडिकार्ब वगैरे, हाच प्रकार कमी-अधिक होतो.

फ्लुरोसिन डायअ‍ॅसिटेटला हेच लागू. ऑक्सिडेटिव्ह ताण मोजणाऱ्या डीसीएफएच-डीएला, कॅल्शियम मोजणाऱ्या फ्लुओ-४-एएमलाही. नावात ‘एएम’ किंवा ‘डायअ‍ॅसिटेट’ दिसलं की हा रंग एस्टरेजवर जगतो असं समजायचं.

एन्झाइम बंद पडलं, का खरंच पेशी मेली: वेगळं कसं करायचं

सगळ्यात निकालाची तपासणी लायसेटवर, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या रसावर, होते, कारण तिथे जिवंत पेशीच नसते. पेशी नसताना रीडिंग पडलं तर त्याला विषारीपणा म्हणताच येत नाही.

निरोगी हेपजी-टू पेशी साधारण १० लाख घ्या, एक मिलीलिटर एचबीएसएसमध्ये (क्षारांचा बफर) ०.१% ट्रायटन एक्स-१०० (पडदे फोडणारं डिटर्जंट) घालून बर्फावर १० मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर ५ मिनिटं फिरवा, वरचं द्रव घ्या आणि साध्या एचबीएसएसने दहापट पातळ करा. काळ्या प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) हे ८० मायक्रोलिटर. त्यात तपासायचं रसायन दहापट तीव्रतेचं १० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर १५ मिनिटं. मग २० मायक्रोमोलर कॅल्सीन-एएम १० मायक्रोलिटर, म्हणजे अंतिम २ मायक्रोमोलर. लगेच रीडरमध्ये ठेवून दर मिनिटाला रीडिंग, अर्धा तास. शेवटचा आकडा पाहू नका. सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार पाहा.

सोबत तीन वेल हवेतच. एक फक्त सॉल्व्हंटचा. एक बिस-(४-नायट्रोफेनिल) फॉस्फेट १०० मायक्रोमोलरचा; हा कार्बोक्सिलएस्टरेजचा ओळखीचा अवरोधक, याने उतार पडायलाच हवा, नाही पडला तर लायसेटमध्येच गडबड आहे. आणि एक लायसेट नसलेला: कॅल्सीन-एएम पाण्यात आपोआपही थोडं तुटतं, तो उतार सगळ्यांतून वजा करायचा. तुमच्या रसायनाच्या वेलमध्ये उतार पडला तर उत्तर मिळालं.

ज्यांच्याकडे कायनेटिक, म्हणजे दर मिनिटाच्या, रीडिंगची सोय नाही त्यांनी वेळेचा उपयोग करावा. रसायन फक्त अर्धा तास ठेवा, दोनदा धुवा, कॅल्सीन लावा. ऑर्गॅनोफॉस्फेटने बांधलेलं एन्झाइम धुण्याने सुटत नाही. अर्ध्या तासात पेशींचा आकार जराही बदललेला नसताना हिरवं पडलं असेल तर ते एन्झाइमच.

आता पेशी खरोखर मेल्या का, ते प्रोपिडियम आयोडाइडला, म्हणजे पीआयला विचारा. त्याला एस्टरेज लागत नाही. पडदा फाटला की ते आत जाऊन डीएनएला चिकटतं आणि ६१७ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं. फक्त प्लेट रीडर असला तरी चांगली सोय आहे. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर द्रव असताना पीआय अंतिम २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, अंधारात १५ मिनिटं, पहिलं रीडिंग. मग त्याच वेलमध्ये १% ट्रायटन ११ मायक्रोलिटर, हलक्या हाताने हलवून आणखी १५ मिनिटं, दुसरं रीडिंग. पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग दोन्हींतून वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की मेलेल्यांचं प्रमाण. दुसरं रीडिंग एकटंही कामाचं: ते एकूण डीएनएचं माप आहे, कंट्रोलपेक्षा ते कमी आलं तर पेशी सुटून गेल्या किंवा वाढल्याच नाहीत.

इथे धुऊ नका. हा मुद्दा दोनदा सांगण्यासारखा आहे. मेलेल्या पेशी तळ सोडतात, आणि रंग लावण्याआधी मल्टिचॅनेल पिपेटने दोनदा बफर मारला की त्या सिंकमध्ये जातात. उरतात त्या जिवंत, आणि पीआय सांगतं ‘सगळं ठीक’. रंग न धुता घालायचा, प्लेट २०० जी वर ३ मिनिटं फिरवायची, मग वाचायची. प्लेट फिरवायचा रोटर नसेल तर १० मिनिटं स्थिर ठेवा आणि तळातून रीडिंग घ्या.

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप असेल तर होक्स्ट ३३३४२ हा केंद्रकांचा निळा रंग (५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर) सोबत घाला. निळे ठिपके म्हणजे एकूण केंद्रकं, लाल म्हणजे मेलेली. होक्स्टचा एक जोडफायदा: केंद्रकाबाहेर, पेशीच्या अंगभर बारीक निळी रवाळी दिसली तर मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूच्या संसर्गाचा संशय घ्या आणि सगळे प्रयोग तिथेच थांबवा.

कॅल्सीन पडलं, पीआय चढलं नाही, केंद्रकांची संख्या तीच: एस्टरेज बंद. कॅल्सीन पडलं, पीआय चढलं: पेशी मेल्या. कॅल्सीन पडलं, पीआय नाही, पण केंद्रकंही कमी: वाढ थांबली, किंवा मेलेल्या पेशी आधीच धुतल्या गेल्या. हा तिसरा प्रकार फार वेळा पहिल्यात ढकलला जातो.

‘मेलेल्या पेशींचा’ कंट्रोल मारायचा कसा

यात एक बारीक खोट आहे. ट्रायटनने पेशी मारल्या आणि त्याच द्रवात कॅल्सीन-एएम घातलं तर वेल हिरवागार होतो, कधी जिवंत पेशींइतकाच. कारण उघड आहे, एस्टरेज बाहेर सांडलंय पण चालू आहे, आणि प्लेट रीडरला कॅल्सीन पेशीच्या आत आहे की बाहेर ते कळत नाही. कॅल्सीनसाठी कंट्रोल ७०% मिथेनॉलने मारा, ३० मिनिटं ठेवा, मिथेनॉल काढून बफर घाला, मग रंग. पीआयसाठी ट्रायटन चालतं. दोन्ही रंगांना एकच मेलेला कंट्रोल वापरणं हे बऱ्याच ‘रंगच खराब’ तक्रारींचं मूळ असतं.

केळीकडची बाजू: तांबं

कॉपर ऑक्सिक्लोराइड, बोर्डो मिश्रण यांतलं तांबं कॅल्सीनला चिकटून त्याचा उजेड विझवतं. कोबाल्ट, निकेल, लोहसुद्धा हेच करतात. एन्झाइम ठीक, पडदा ठीक, कॅल्सीन तयार झालेलं, तरी रीडिंग कमी. तपासणी पाच मिनिटांची: मोकळं कॅल्सीन (एएम नसलेलं) १ मायक्रोमोलर बफरमध्ये घ्या, त्यात तुमचं रसायन घाला, वाचा. पडलं तर १ मिलीमोलर ईडीटीए घाला. उजेड परत आला की दोष धातूचा. कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात विरघळत नाही, पावडरचे कण पेशींवर बसून राहतात, त्यामुळे धुतल्यानेही पूर्ण जात नाही. तांब्याच्या औषधांसाठी कॅल्सीनचा नाद सोडून पीआय आणि केंद्रक-गणना घेतलेली बरी.

मोकळ्या रंगाची ही चाचणी रंगीत नमुन्यांनाही करा. पिवळं द्रावण निळा-जांभळा उजेड शोषतं, म्हणजे होक्स्टला मिळायचा उजेड वाटेतच अडतो. बियाण्याला लावायची औषधं लाल-गुलाबी रंगवलेली असतात. तो रंग स्वतः चमकणारा असेल तर पीआयच्या फिल्टरमध्ये मेलेल्या पेशी भासतात. सातपुड्यातल्या वनस्पतींचे हिरवे अर्क घेणाऱ्यांनी हरितद्रव्य विसरू नये: ते ६७० ते ६८० नॅनोमीटरला लाल चमकतं, आणि पीआयला लाँगपास फिल्टर लावला असेल तर सरळ आत शिरतं. म्हणून प्रत्येक तीव्रतेला ‘रसायन आहे, पेशी नाहीत, रंग आहे’ आणि ‘रसायन आहे, पेशी आहेत, रंग नाही’ असे दोन्ही ब्लँक लावायचे. वेल जास्त जातात, पण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

रेझाझुरिन सुटकेचा मार्ग आहे का?

अर्धा. एस्टरेजचा प्रश्न सुटतो, स्वतःचे प्रश्न येतात. निळं रेझाझुरिन जिवंत पेशीत क्षपित होऊन गुलाबी, चमकणारं रेसोरुफिन होतं. तिथेच न थांबता जास्त पेशी किंवा जास्त वेळ मिळाला तर रेसोरुफिनचंही क्षपण होऊन रंगहीन, न चमकणारं डायहायड्रोरेसोरुफिन होतं. म्हणजे सगळ्यात तगडा वेल सगळ्यात ‘मेलेला’ दिसतो. कंट्रोलचे वेल गुलाबीऐवजी फिकट दिसले तर हेच झालंय.

प्रमाण: डीपीबीएस बफरमध्ये ०.१५ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटरचं गाळलेलं द्रावण, १०० मायक्रोलिटर मीडियमला २० मायक्रोलिटर. उत्तेजन ५६०, उत्सर्जन ५९०. एकदा बसून सरळ रेषा काढून घ्या: प्रति वेल १,०००, २,५००, ५,०००, १०,०००, २०,०००, ४०,००० पेशी, आणि ३०, ६०, १२०, २४० मिनिटांना रीडिंग. रेषा जिथवर सरळ जाते त्याच्या आतला पेशींचा आकडा आणि वेळ कायम ठरवा. वनस्पतींच्या अर्कातली पॉलिफेनॉल्स, थायॉल असलेली रसायनं रेझाझुरिनला पेशींशिवायच गुलाबी करतात. तिथे विषारी अर्कही निरुपद्रवी ठरतो. एखादाच वेल भसकन गुलाबी झाला तर आधी त्यात जिवाणू शिरलेत का बघा.

आकडे दर वेळी वेगळे: इथे हवामान नडतं

वरचं सगळं बरोबर करूनही मार्च ते जूनमधले आकडे डिसेंबरच्या आकड्यांशी जुळत नाहीत, अशी तक्रार आली की रसायन सोडून खोलीकडे बघा.

बहुतेक सीओटू इन्क्युबेटरमध्ये तापवायची सोय असते, थंड करायची नसते. खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ५ अंश वर असेल तरच तो ३७ नीट धरतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना लोडशेडिंगमध्ये एसी बंद पडला आणि इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, तर खोली ३७ च्या पुढे जाते आणि आतलं तापमान खोलीच्या मागे. डिस्प्लेवर भरवसा ठेवू नका. पाण्याच्या बाटलीत बुडवलेला, तपासून घेतलेला थर्मामीटर मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी वाचा. कमाल-किमान नोंदवणारा मिळाला तर उत्तम. एसीलाही बॅकअप नसेल तर २४ तासांची चाचणी त्या दिवसांत लावूच नये, हे आमचं स्पष्ट मत. वीज गेली की दार उघडून ‘बघायचं’ नाही.

दुसरं बाष्पीभवन. उन्हाळ्यातली कोरडी हवा प्रत्येक वेळी दार उघडलं की आतली ओल घेऊन जाते. कडेच्या वेलमधलं १०० मायक्रोलिटरातलं १० उडालं तर उरलेल्यात कीटकनाशक, मीठ, सगळंच ११ टक्क्यांनी तीव्र होतं. आतले ६० वेल प्रयोगाला वापरा, कडेच्या ३६ मध्ये प्रत्येकी २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला, बोअरचं पाणी घातलं की आठवड्यात पांढरे क्षार चढतात. किती उडतं ते मोजायचं असेल तर नुसत्या मीडियमने भरलेली प्लेट, ९६ वेल गुणिले १०० मायक्रोलिटर म्हणजे जवळजवळ ९.६ ग्रॅम, झाकणासकट वजन करून २४ तास ठेवा आणि पुन्हा वजन करा. अर्ध्या ग्रॅमहून जास्त घट आली तर दार, गॅस्केट आणि ट्रे यांकडे लक्ष द्या.

पेशी पेरल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये न टाकता २०-३० मिनिटं एसीच्या खोलीत सपाट बाकावर राहू द्या. पेशी वेलच्या कडेला गोळा होत नाहीत. हेपजी-टू मुळातच गठ्ठ्याने वाढते, ट्रिप्सिननंतर गठ्ठे नीट मोडले नाहीत तर कुठल्याच रंगाचे आकडे जुळणार नाहीत.

पावसाळ्यात वेगळाच ताप. कॅल्सीन-एएमची कुपी उणे २० मधून काढून लगेच उघडली की आत दव धरतं आणि रंग कुपीतच तुटायला लागतो. मग पेशी नसलेला ब्लँकही हिरवा येतो. कुपी बंदच ठेवून सिलिका जेलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. ५० मायक्रोग्रॅमची कुपी ५० मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये म्हणजे १ मिलीमोलर. १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून ठेवा, वितळलेला भाग परत गोठवू नका. एका प्लेटला १० मिलीलिटर बफरमध्ये २० मायक्रोलिटर, म्हणजे २ मायक्रोमोलर, आणि तासाभरात वापरून संपवा. बफर सीरमविना, फिनॉल रेडविना. सीरममधली एस्टरेज रंग बाहेरच कापतात.

आणि हिवाळ्यात डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठतं. धुळ्याच्या जानेवारीत सकाळी बाकावरची स्टॉकची कुपी वरून द्रव, तळाशी घट्ट अशी असू शकते. तशीच पिपेट केली तर पहिला वेल एका तीव्रतेचा, शेवटचा दुसऱ्या. ३७ अंशांवर पूर्ण वितळवून, व्हॉर्टेक्स करूनच घ्या.

बाटलीतलं औषध आणि शुद्ध रसायन

कृषी सेवा केंद्रातली ५० ईसीची (पाण्यात दुधाळ मिसळणारं तीव्र द्रावण) बाटली आणून सरळ पातळ करण्याचा मोह सगळ्यांना होतो. ईसीमध्ये प्रोफेनोफॉसखेरीज तेलकट सॉल्व्हंट आणि इमल्सिफायर असतं. इमल्सिफायर म्हणजे साबणाचाच भाऊबंद; ते पडदे फाडतं आणि पीआय भराभर चढतं. मेलेली पेशी खरी, पण मारलं कुणी? फॉर्म्युलेशनचाच अभ्यास करायचा असेल तर जरूर करा, शीर्षकात तसं लिहा. रसायनाबद्दल बोलायचं असेल तर विश्लेषणाचं प्रमाणित रसायन डीएमएसओत घ्या आणि डीएमएसओ अंतिम ०.१% च्या आसपास, ०.५% च्या वर कधीच नाही, सगळ्या वेलमध्ये सारखं.

विद्राव्यतेची मर्यादाही लक्षात असू द्या. प्रोफेनोफॉस पाण्यात लिटरमागे सुमारे २८ मिलीग्रॅम विरघळतं, म्हणजे ७५ मायक्रोमोलर. क्लोरपायरिफॉस जेमतेम १.४ मिलीग्रॅम, म्हणजे ४ मायक्रोमोलर. सीरम असेल तर प्रथिनांना चिकटून थोडं जास्त राहतं, पण ‘५०० मायक्रोमोलर क्लोरपायरिफॉस’ ही वेलच्या तळाशी बसलेली थेंबांची साय असते. ते थेंब उजेड विखुरतात, पेशींना कुठे झोंबतात, कुठे नाही, आणि एरर बार लांबतात. वरच्या तीव्रतांचे वेल आधी साध्या उजेडात मायक्रोस्कोपखाली बघा. थेंब दिसले तर ती तीव्रता आलेखातून काढा.

रीडरबद्दल एकच: ऑटो-गेन बंद (गेन म्हणजे रीडरची संवेदनशीलता). प्रत्येक प्लेटला रीडर स्वतः गेन ठरवू लागला तर दोन प्लेटची तुलनाच संपली. सगळ्यात उजळ वेल मर्यादेच्या ७०-८० टक्क्यांवर येईल असा गेन एकदा ठरवा, वहीत लिहा, तोच ठेवा. काळ्या भिंतीची, पारदर्शक तळाची प्लेट घ्या. पूर्ण पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड येतो.

ऑक्सिडेटिव्ह ताण मोजणाऱ्यांसाठी

डीसीएफएच-डीएलाही एस्टरेज लागतं म्हटलं ते इथे नडतं. ऑर्गॅनोफॉस्फेट आधी आणि रंग नंतर, या क्रमाने केलं तर रंग पेशीत कापलाच जात नाही आणि ताण कमी दिसतो. लोक त्यावर ‘संरक्षक परिणाम’ असं लिहून मोकळे होतात. क्रम उलटा करा: १० मायक्रोमोलर रंग, एचबीएसएसमध्ये, अंधारात ३० मिनिटं, धुवा, मग रसायन आणि पुढचे दोन-तीन तास रीडिंग. कॅल्सीनच्या बाबतीतही अल्पकाळच्या चाचणीला हीच युक्ती चालते, आधी रंग भरून मग विष, आणि आत किती टिकलं ते मोजायचं. २४ तासांसाठी मात्र नाही, निरोगी पेशीही कॅल्सीन हळूहळू बाहेर पंप करतात.

पेशीत कापून तयार होणारं डीसीएफएच उजेडानेच ऑक्सिडाइझ होतं, त्यामुळे ट्यूबलाइटखाली निवांत पिपेटिंग नको. पॉलिफेनॉल मीडियममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, पेशी असोत वा नसोत. पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज घातलेला एक वेल सोबत ठेवला की ते पकडता येतं.

सगळे रंग ‘सुरक्षित’ म्हणतात आणि तुम्हाला पटत नाही

उलटा प्रकारही होतो. डायफेन्थियुरॉन, टोल्फेनपायरॅड ही मायटोकॉन्ड्रियावर काम करणारी औषधं. हेपजी-टू २५ मिलीमोलर ग्लुकोजच्या मीडियममध्ये वाढवलेली असेल तर ती ग्लायकोलिसिसवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाशिवाय ग्लुकोज मोडून, सहज जगते. मायटोकॉन्ड्रिया बंद पडलं तरी कॅल्सीन हिरवं, पीआय शांत. ग्लुकोज काढून १० मिलीमोलर गॅलॅक्टोज द्या, निदान एक रात्र आधी, आणि तोच डोस पुन्हा लावा. ग्लुकोजमध्ये निवांत आणि गॅलॅक्टोजमध्ये मेलेली, तर घाव मायटोकॉन्ड्रियावर. कंट्रोलही गॅलॅक्टोजमधलाच हवा, कारण त्यात पेशी मुळातच सावकाश वाढतात.

आधीच जमा झालेल्या कॅल्सीनच्या आकड्यांचं काय

ते पीआयच्या आकड्यांत बदलता येत नाहीत, गुणक लावून तर मुळीच नाही. पण लायसेटच्या चाचणीत एस्टरेजचा अवरोध सिद्ध झाला असेल, आणि त्या तीव्रतांना पीआय व केंद्रकं कंट्रोलइतकीच असतील, तर जुना आलेख फेकायची गरज नाही. उभ्या अक्षावरचं ‘व्हायेबिलिटी’ खोडून ‘पेशीतील एस्टरेज क्रिया’ लिहा. बिनघातक डोसला कार्बोक्सिलएस्टरेज किती बंद पडतं त्याचा तो आलेख झाला. आणि तो इथे बिनकामाचा नाही. पायरेथ्रॉइडचं (सायपरमेथ्रिन याच गटातलं) विष शरीरात मोडतं ते याच एन्झाइमकडून, आणि कपाशीवर सर्रास मारलं जाणारं मिश्रण प्रोफेनोफॉस ४०% अधिक सायपरमेथ्रिन ४% ईसी हेच आहे. पुढची प्लेट त्यावर लावता येते: प्रोफेनोफॉस बिनघातक डोसला दोन तास आधी, मग सायपरमेथ्रिनच्या चढत्या तीव्रता, आणि वाचन पीआयवर, कॅल्सीनवर नाही.